शेंदरी दगड दिसला की वळा

आबाजी स्वित्झर्लंडहून परत आले ते दुधाबद्दल अवाक्षर न काढता. वास्तविक दूध संघाने संचालकांना तिकडे धाडले होते ते गाई बघायला. गाई त्यांनी बघितल्या, गाईंच्या गळ्यातल्या घंटाही वाजवून बघितल्या. पण चिंचमाळला पाय टाकल्यापासून त्यांच्या तोंडी एकच विषय होता, आणि तो म्हणजे पळणे. तिकडे उंच डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात सकाळ झाली की बायाबाप्ये आखूड चड्ड्या घालून पळत सुटतात, असे ते येईल त्याला सांगत. जुन्या किल्ल्यापासून निघायचे, दगडी पुलावरून जायचे, पडक्या चर्चला वळसा घालायचा आणि नदीकाठाने परत किल्ल्याशी यायचे. वाट चुकू नये म्हणून वळणावळणावर दगड रंगवून ठेवलेले. इतिहासही बघून होतो आणि घामही निघतो.

"त्यांच्या मागं कोण लागल्यालं असतं?" आबाजींच्या पत्नी गोजरबाई यांनी विचारले.

"कोण न्हाय."

"मग फुडं कायतरी वाटत असतील."

"काय बी वाटत न्हाईत. नुसतं पळत्यात."

गोजरबाईंनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. विमानातल्या गारठ्याने ताप चढला असावा अशी त्यांची समजूत झाली.

आबाजींना ताप नव्हता. त्यांना तिकीट हवे होते. झेडपीची निवडणूक तोंडावर आली होती आणि याआधी पक्षाने त्यांना 'पुढच्या वेळी नक्की' असे सांगितले होते, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच सांगितले होते. त्यांचे आजोबा मेंढरे घेऊन हिवाळ्यात मुलूखभर हिंडत. कालवा आल्यावर वडील एका जागी बसून ऊस करू लागले. आबाजी दूध संघात गेले. आता घराण्याची पुढची पायरी झेडपीच होती. ती चढायची राहिली तर उद्या आपण गेल्यावर पेपरात फोटोखाली नुसते 'माजी संचालक' एवढेच छापून येईल, या विचाराने त्यांना खरोखरच जेवण जात नसे. गावातले दुसरे इच्छुक रतनराव. त्यांची वीटभट्टी होती, आवाज मोठा होता आणि मनात येईल ते बोलून टाकायची सवय होती. आबाजींच्या मते हे तिन्ही दुर्गुणच होते.

उमेदवार पारखायला पक्षाचे निरीक्षक अप्पासाहेब तालुक्यात येणार होते. ते जातील तिथे इच्छुक मंडळी कुस्त्या भरवत, नाहीतर रक्तदान शिबिर घेत. बाटल्यांमधले ते रक्त बघून अप्पासाहेबांना आता जांभया येतात, अशी बातमी आबाजींनी काढली होती. रतनरावांनी कुस्त्यांचा फड ठरवला आहे हे कळताच आबाजींनी जाहीर केले की चिंचमाळला 'ऐतिहासिक खोरे दौड' होणार, आणि तिला झेंडा खुद्द अप्पासाहेब दाखवणार.

आता दौडीला खोरे हवे. ते भीमेचे होतेच. खोऱ्याला डोंगर हवेत, ते मात्र इंदापूर तालुक्याने कुणालाच कधी पुरवलेले नाहीत. कालवा खोदताना निघालेल्या माती-दगडांचा एक लांबलचक ढिगारा गावाबाहेर होता आणि त्यावर चढले की डाळज गावापर्यंतचे दिसे. आल्प्सचे काम त्यावर भागवायचे ठरले.

इतिहासाचे काम जोतीराम गुरुजींकडे आले. हायस्कुलात इतिहास आणि कवायत हे दोन्ही विषय तेच शिकवत, त्यामुळे ऐतिहासिक दौड दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडणे शक्यच नव्हते. गुरुजींनी चार स्थळे काढली. एक गावची गढी, जिची निम्मी पांढरी माती गावानेच घरांच्या धाब्यांवर टाकायला उचलून नेली होती. दुसरी बारव. तिसरा एक वीरगळ, ज्यातल्या वीरावर बायका गेली कित्येक वर्षे गोधड्या आपटत आल्या होत्या. चौथा इंग्रजी अमदानीतला कालव्याचा बंगला, ज्याला आता दारे नव्हती, खिडक्या नव्हत्या आणि छताबद्दलही खात्रीने काही सांगता येत नव्हते. प्रत्येक ठिकाणी फलक लागले. 'या बारवेत घोड्यांना पाणी पाजले जाई' असे गुरुजींनी लिहिले. घोडे कुणाचे ते लिहिले नाही. ज्याने त्याने आपापल्या आवडीच्या राजाचे समजावेत, म्हणजे वाद होत नाहीत, असे त्यांचे इतिहासलेखनाचे धोरण होते.

राहता राहिले वळणांवरचे रंगीत दगड. गावात रंगाचे काम एकटे इमामभाई करत. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर मालकांच्या पोरांची नावे, दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या घरावर गणपती, सगळे त्यांच्याच हातचे. आबाजींना स्वित्झर्लंडसारखा लाल रंग हवा होता. इमामभाईंनी सांगितले की काळ्या दगडावरचा लाल रंग उन्हात काळाच दिसतो. पळणाऱ्याला लांबून दिसायचे तर शेंदरीच बरा, आणि तो त्यांच्याकडे शिल्लकही आहे. वळणांवर दगड नव्हते, कारण तिथली जमीन काळी. म्हणून कालव्याच्या ढिगाऱ्यातले चांगले गोलमटोल दगड ट्रॉलीत घालून आणले आणि एकेका वळणावर, कुठे लिंबाखाली, कुठे बांधाच्या टोकाला, नीट बसवले. इमामभाईंनी सगळे दगड शेंदरी रंगवून काढले. रंग वाळला की दुसऱ्या दिवशी प्रत्येकावर काळा बाण काढायचा, म्हणजे काम पुरे. ऑइल पेंट थंडीत एका दिवसात वाळत नाही, एवढेच काय ते कुणाच्या लक्षात आले नाही.

सकाळी रंगूबाई विळा घेऊन कडवळ कापायला निघाल्या. रोजच्या वाटेवर, काल जिथे काही नव्हते तिथे, लिंबाच्या बुडाशी शेंदरी दगड बसलेला. त्यांनी बोट लावून पाहिले तर शेंदूर ओला. म्हणजे नुकताच कुणीतरी लावलेला; आणि आसपास तर चिटपाखरू नाही. मग लावला कुणी, या प्रश्नाचे एकच उत्तर रंगूबाईंना सुचले, आणि चिंचमाळमध्ये दुसऱ्या कुणालाही दुसरे सुचले नसते. त्यांनी विळा खाली ठेवला, चपला काढल्या, घरी जाऊन नारळ आणला आणि फोडला. त्या दिवशी त्यांची म्हैस धार काढताना लाथ न मारता उभी राहिली. ही म्हैस लाथा मारण्याबद्दल पंचक्रोशीत प्रसिद्ध होती, त्यामुळे बातमी पसरायला वेळ लागला नाही.

दुपारपर्यंत सगळे दगड सापडले. प्रत्येकावर झेंडूचे हार चढले. कुणी म्हणे म्हसोबा, कुणी म्हणे बिरोबा. ज्या वस्तीजवळ दगड होता ती वस्ती एकदम ताठ चालू लागली. आबाजी आणि इमामभाई काळ्या रंगाचा डबा घेऊन बाण काढायला गेले तेव्हा पहिल्या दगडाभोवती बायका ओटीचे तांदूळ घेऊन बसल्या होत्या. इमामभाईंनी डबा मागच्या मागे सायकलला लावला.

"काढा की बाण," आबाजी म्हणाले.

"मी रंगवला तवा त्यो दगड हुता, आबाजीराव. आता त्याच्या तोंडावर ब्रश लावला तर ह्या समद्या माझ्या मागं लागतील. तुमची दौड हितनंच सुरू हुईल."

आबाजींनी मग गाव बोलावले. मारुतीच्या देवळापुढे माणसे जमली. आबाजींनी स्वित्झर्लंडपासून सुरुवात केली, ऑइल पेंटपर्यंत आले आणि शेवटी हात जोडून म्हणाले, "मंडळी, ह्यो देव न्हाय. ह्यो बाण हाय."

सगळ्यांत म्हातारे गेणबा पुढे बसले होते. त्यांनी मान डोलावली. "आमी कुठं दुसरं काय म्हणतोय? बाणच हाय त्यो. माझ्या देव्हाऱ्यात बी आज्यापासनं बाण हाय."

आबाजींनी जीभ चावली. देव्हाऱ्यातल्या महादेवाच्या गुळगुळीत गोट्याला घरोघर बाणच म्हणतात, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

"तसला बाण न्हाय, गेणबातात्या. दिशा दावणारा बाण."

"दिशा त्योच दावतोय," गेणबा म्हणाले, आणि लोकांनी हात जोडले. सभा संपली. म्हसोबा की बिरोबा हा वाद आबाजींनीच मिटवला, खुद्द संचालक म्हणतात बाण आहे म्हणजे महादेवच, असे बोलत मंडळी घरी गेली.

रंग बदलून बघावा असे गुरुजींनी सुचवले. त्यावर आबाजींच्या ओसरीवर बरीच चर्चा झाली. पिवळा लावावा तर तो भंडारा, म्हणजे खंडोबा. पांढरा चुन्याचा पट्टा ओढावा तर रस्ता रुंद करायला मोजणी आली असे समजून लोक भरपाईसाठी एका दिवसात तिथे डाळिंबाची बाग उभी करतील. हिरव्याचे नाव निघताच इमामभाई उठून उभे राहिले आणि म्हणाले की तसे झाले तर लोक दगडावर चादर चढवतील आणि मुजावर म्हणून त्यांना तिथे बसावे लागेल. त्यांना ट्रॉल्यांची कामे आहेत. जगात इतके रंग असून त्यातला एकही रिकामा नाही, हे आबाजींना त्या दिवशी प्रथम कळले.

इथवर प्रकरण निस्तरता आले असते. पण दोन दिवसांनी माळावरच्या वस्तीतली माणसे आबाजींच्या दारात येऊन बसली. त्यांच्या बाजूने दौड जात नव्हती, म्हणून तिकडे दगड नव्हता. नळ आला नाही, खांब आला नाही, ते त्यांनी सोसले होते. पण देवसुद्धा रस्त्याकडेच्या वस्त्यांनाच द्यायचा, हे त्यांना खपणार नव्हते.

"आमची मतं तेवढी चालत्यात," त्यांच्यातला पुढारी म्हणाला, "अन् देव द्यायची येळ आली की आमी लांब पडतो व्हय?"

उमेदवारीच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाने याला काय उत्तर द्यावे? आबाजींनी इमामभाईंना बोलावले आणि माळावर एक देव मंजूर केला. मग खालच्या आळीला एक द्यावा लागला. हे बघून रतनराव खवळले. आबाजी देव वाटून मते बांधतात म्हणजे काय, असे म्हणत त्यांनी भट्टीवरच्या मजुरांना लावून आपल्या बाजूच्या प्रत्येक बांधावर स्वखर्चाने दगड बसवले. दौडीचा दिवस उजाडला तेव्हा चिंचमाळच्या शिवारात शेंदरी दगड किती आहेत हे कुणीच सांगू शकले नसते.

तो दिवस मोठा नामी उगवला. गढीपाशी मांडव होता. बारामतीची, इंदापूरची, अगदी पुण्याचीही कॉलेजातली मुले-मुली छातीवर नंबर लावून अंग मोकळे करत होती. अप्पासाहेब मोटारीतून उतरले, पळणाऱ्या मुलांकडे पाहून त्यांना जांभई आली नाही, आणि आबाजींच्या जिवात जीव आला. गुरुजींनी माइक हातात घेतला. दगडांवर बाण नव्हते आणि आता ते निघणारही नव्हते, म्हणून त्यांनी सूचना अगदी सोपी करून ठेवली होती. "शेंदरी दगड दिसला की त्याच्याकडे वळा, आणि तिथून पुढचा दिसेल तिकडे जा." मुलांनी माना हलवल्या. अप्पासाहेबांनी झेंडा दाखवला आणि दौड सुटली.

पहिल्या दगडापर्यंत सगळे ठीक झाले. दुसऱ्या दगडाभोवती मात्र बायकांचा असा गराडा होता की दगड दिसेना. वाट दाखवायला उभे केलेले स्वयंसेवक प्रसादाचे द्रोण भरण्यात गुंतले होते. मुले क्षणभर थबकली. तेवढ्यात लांब एका बांधावर, बाभळीखाली, त्यांना शेंदरी दगड दिसला. शिकलेली मुले ती, सूचना पाळणारी. वळली तिकडे.

तो दगड इमामभाईंचा नव्हता. तो जुना म्हसोबा होता. इंदापूर तालुक्यात ज्या शेताच्या बांधाला शेंदरी दगड नाही ते शेत शोधावे लागेल, ही साधी गोष्ट आबाजींच्या, गुरुजींच्या, किंबहुना गावातल्या कुणाच्याच डोक्यात आली नव्हती; रोजची वस्तू ना ती, कोण मोजतो. मुले म्हसोबाकडून मरीआईकडे गेली, मरीआईकडून बिरोबाकडे. जिथे दोन दगड दिसले तिथे घोळक्याचे दोन घोळके झाले. जन्मभर तीर्थाटन करणाऱ्याला जेवढे देव घडणार नाहीत तेवढे त्या मुलांना एका सकाळी घडले.

मांडवात अप्पासाहेब वाट बघत होते. चहा झाला. पोहे झाले. गुरुजींनी गढीचा इतिहास सांगितला, आणि तो संपला तेव्हा पुन्हा सांगितला. आबाजी धुळीच्या एकेका लोटाकडे आशेने बघत, आणि त्यातून दर वेळी एस्टी निघे. मग गावातल्या टेलिफोन बूथवर निरोप येऊ लागले. डाळजवरून कुणीतरी कळवले की नंबर लावलेली चार मुले तिथल्या म्हसोबाला हात टेकवून, आता पुढचा देव कुठे, असे विचारत आहेत. कळसला एका लग्नघरच्या लोकांनी दोन मुलींना जेवल्याशिवाय सोडायचे नाही असे ठरवले होते. आणि एक घोळका थेट लोणी देवकरला एका कारखान्याच्या फाटकाशी पोहोचला होता. फाटकाच्या आत शेंदरी दगड असणे काही त्यांचा दोष नव्हता. छातीवर नंबर बघून तिथल्या रखवालदाराने त्यांना भरतीला आलेले समजून रांगेत बसवले होते, आणि बाहेरून आणखी माणसे येऊन त्यांच्या मागे बसत होती.

आबाजींनी हे सगळे उभ्याने ऐकले आणि मग ते खुर्चीत बसले. त्यांच्या डोळ्यांपुढे पेपरातला फोटो आला, आणि त्याखालचे ते दोन शब्द.

तेवढ्यात ढोल ऐकू आले. आधी माळाकडून, मग खालच्या आळीकडून, मग चारी बाजूंनी. ज्या त्या वस्तीची माणसे आपल्या देवाला भेट द्यायला पाहुण्यांना न्यावे म्हणून वाजतगाजत मांडवाकडे निघाली होती. धनगरी गजी ढोल, भंडाऱ्याची उधळण, डोक्यावर ताटे घेतलेल्या बाया. गढीच्या खालचे सगळे रान माणसांनी भरून गेले. अप्पासाहेब खुर्चीतून उठले. त्यांनी आयुष्यात पुष्कळ सभा पाहिल्या होत्या. पण ज्या गर्दीला ट्रक पाठवावे लागले नाहीत अशी गर्दी त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती.

"आबाजीराव, ही माणसं कुणी जमवली?"

आबाजींच्या आधी रतनराव उठले. इतके दिवस दाबून धरलेले त्यांना आता धरवले नाही. त्यांनी गुरुजींच्या हातातला माइक ओढून घेतला. "साहेब, हे देव-बिव काय न्हाय. कालव्याच्या ढिगाऱ्यातलं दगड हायेत. ऑइल पेंट लावलाय त्येला, विचारा इमामभाईला."

ढोल थांबले. रंगूबाई पुढे झाल्या आणि त्यांनी रतनरावांकडे नुसते पाहिले. रतनरावांनी माइक खाली ठेवला. इमामभाई तोवर सायकलवरून पार दिसेनासे झाले होते.

सगळ्यांच्या नजरा आबाजींकडे वळल्या. रतनराव खरे बोलले होते. मारुतीच्या देवळापुढे आबाजींनी स्वतः हात जोडून हेच सांगितले होते. आताही ते सांगता आले असते. पण एकीकडे सत्य होते आणि दुसरीकडे मतदारसंघ. आबाजींनी माइक उचलला.

"कुणी जमवली काय इचारताय, साहेब. म्या बसवल्यात हे देव. माझ्या हातानं, ह्या खोऱ्याच्या कल्याणासाठी. कुणाला त्यात दगड दिसत आसंल तर ती ज्याची त्याची नजर."

मग जो गजर झाला त्याने मांडवाचे कापड हलले. आबाजींना कुणीतरी उचलले, कुणी भंडारा टाकला, कुणी गळ्यात हार घातले. माणसांच्या खांद्यावरून त्यांना अप्पासाहेब माइककडे जाताना दिसले. घराण्यात कुणी चढले नव्हते ती पायरी आता समोर होती.

अप्पासाहेब फार छान बोलले. राजकारणात माणसे स्वतःसाठी पळतात, असे ते म्हणाले. पण आबाजीरावांसारखा एखादाच सगळे सोडून देवाच्या कामाला लागतो. अशा माणसाला झेडपीच्या चिखलात ओढणे हे पाप आहे आणि ते पाप आपल्या हातून होणार नाही. "आजपासून या सर्व देवस्थानांचा एक ट्रस्ट होईल, आणि त्याचे तहहयात अध्यक्ष आबाजीराव असतील." टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवटी, खाली बसता बसता, जणू विसरलेले आठवावे तसे अप्पासाहेबांनी सांगून टाकले की झेडपीसाठी पक्षातर्फे रतनराव उभे राहतील.

रतनरावांनी ते दोनदा विचारून घेतले. आबाजी हारांखाली तसेच उभे राहिले. टाळ्या वाजत होत्या, त्यामुळे त्यांनाही हसत राहावे लागले.

मोटार निघताना त्यांनी तिला गाठले आणि खिडकीत डोके घातले. "साहेब, रतन खरं बोलला. ते दगडच हायेत. बाण काढायचं तेवढं राहिलं हुतं. मी काय देवाच्या कामाला लागल्यालो न्हाय, साहेब, मी मोकळा हाय."

"मला ठाऊक आहे. मोटारीतून उतरल्या उतरल्या पेंटचा वास आला," अप्पासाहेब शांतपणे म्हणाले. "पण गावाला जो वास येत नाही तो आपल्याला आला असं बोलून दाखवायचं नसतं. तुम्हाला ते कळतं. रतनरावांना कळत नाही."

"मग तिकीट त्याला?"

"ज्याच्या मागं एवढी माणसं आहेत त्याला तिकीट दिलं तर उद्या तो माझ्या खुर्चीवर येऊन बसेल. ज्याला आज गावानं एका नजरेत खाली बसवला, तो जन्मभर माझ्याकडं बघून चालेल."

"पर त्यो निवडून कसा येणार?"

"तुम्ही आणणार की," अप्पासाहेब म्हणाले. "देवस्थानच्या अध्यक्षांचा शब्द या खोऱ्यात कोण मोडेल?" आणि काच वर गेली.

आबाजी घरी आले आणि ओसरीवर बसून लहान मुलासारखे रडले. गोजरबाईंनी त्यांना रडू दिले. मग त्यांनी हळूच सांगितले की गेणबा आणि रंगूबाई येऊन गेले. ज्याने देव बसवले त्यानेच सव्वा वर्ष रोज त्यांना पाणी घालायचे, तेही अनवाणी आणि दिवस उगवायच्या आत; देवाचे पाणी गाडीवरून न्यायला चालत नाही. माळावरच्या वस्तीने निक्षून सांगितले आहे की आमच्या देवाला उशीर झाला तर आम्ही समजू की अध्यक्ष रस्त्याकडेच्याच वस्त्यांचे आहेत.

रतनराव निवडून आले. आबाजींच्या शब्दानेच आले, आणि सत्काराच्या वेळी हार आबाजींनीच घातला.

त्यानंतरची गोष्ट पुण्याकडे पहाटेच्या एस्टीने जाणाऱ्या कुणालाही दिसण्यासारखी होती. गोजरबाई दारात तांब्याची कळशी भरून देत, धोतराचा काचा घट्ट बसला आहे ना ते बघत, आणि आबाजी निघत. पहिल्या दिवशी ते चालत गेले तर वीरगळापाशीच उजाडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाय उचलला. तिसऱ्या दिवसापासून ते पळू लागले. गढीपासून निघायचे, बारवेवरून जायचे, कालव्याच्या बंगल्याला वळसा घालायचा, ढिगारा चढून उतरायचा आणि माळावरून परत गढीशी. 'ऐतिहासिक खोरे दौड' पहिल्या दगडापासून शेवटच्या दगडापर्यंत, एकही वळण न चुकता, चिंचमाळमध्ये पुरी केली ती एकट्या आबाजींनी, आणि तीही रोज.

एकदा बारवेजवळ त्यांना झेडपीची जीप भेटली. रतनराव मीटिंगला लवकर निघाले होते. आबाजींना धापा टाकताना बघून त्यांना मनापासून वाईट वाटले. त्यांनी जीप थांबवली आणि म्हणाले, "या, बसा की अध्यक्ष. माळापतोर सोडतो."

आबाजींनी पूर्वेकडे पाहिले. तांबडे फुटत होते, आणि माळावरचा देव अजून कोरडा होता.

"गाडी चालत न्हाय," ते म्हणाले, आणि कळशी सावरून पळू लागले.